सिगार-साठवण (घरगुती)

सिगार-साठवण : विकत आणलेले सिगार ओढेपर्यंत किंवा मुरवण्यासाठी घरी टिकवून ठेवण्याची पद्धत. हाताने वळलेल्या सिगारात आतले भरण, त्याभोवतीचे बांधणीचे पान आणि सर्वांत वरचे पातळ वेष्टन-पान असे तीन भाग असतात. तिन्ही भाग तंबाखूचेच असल्याने ते भोवतालच्या हवेतील बाष्प सतत घेत किंवा सोडत राहतात. हा बाष्पविनिमय किती वेगाने होऊ द्यायचा, हाच साठवणीचा मूळ प्रश्न आहे, आणि सिगारावरचे कारखान्याचे आवरण (बहुधा सेलोफेन या पारदर्शक, पातळ पदार्थाचे) ठेवावे की काढावे हा जुना वादही त्याचाच एक भाग होय.

साधारणतः ६५ ते ७२ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट हा ‘सत्तर-सत्तर’चा जुना नियम सोपा म्हणून रूढ झाला, अलीकडे मात्र ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याकडे कल दिसतो आणि तो अधिक योग्य वाटतो. फार ओला सिगार ओढायला जड जातो, वारंवार विझतो आणि भरण फुगल्याने वेष्टन-पान उकलते. फार कोरडा सिगार भराभर व तापून जळतो. तापमान स्थिर राखणे हे आर्द्रतेइतकेच महत्त्वाचे आहे. २५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेली हवा सुमारे १९ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते. म्हणून दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार पडणाऱ्या खिडकीजवळ सिगारांची पेटी ठेवू नये.

सेलोफेनसंबंधीचा वाद समजण्यासाठी त्या पदार्थाची जडणघडण पाहावी लागते. स्विस रसायनज्ञ झाक ब्रांडेनबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डाग न पडणारे कापड बनवण्याच्या प्रयत्नातून ही पारदर्शक फिल्म शोधली, आणि १९१२ च्या सुमारास तिचे यांत्रिक उत्पादन शक्य झाले. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज विरघळवून पुन्हा घट्ट केल्यावर ती तयार होत असल्याने मूळ सेलोफेनमधून पाणी झिरपत नसले, तरी बाष्प सहज आरपार जाते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी हा दोषच ठरला, म्हणून १९२७ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत विल्यम हेल चार्च यांनी तीवर आर्द्रतारोधक लेप चढवण्याची पद्धत काढली. सिगारावरचे सेलोफेन ‘श्वास घेते’ की नाही, यावर परस्परविरोधी मते आढळतात त्याचे मूळ बहुधा येथेच आहे : साधे आणि लेप दिलेले अशी दोन वेगळी द्रव्ये एकाच नावाने ओळखली जातात. त्यात आता पॉलिप्रोपिलीनच्या पिशव्यांची भर पडली असून त्यांतून बाष्प फारच कमी जाते. रिकाम्या पिशवीचा लहानसा तुकडा जाळून पाहिला तर फरक लगेच कळतो; सेल्युलोज कागदासारखे काळे पडून राख होते, तर प्लास्टिक वितळून त्याचा घट्ट मणी होतो.

साध्या सेलोफेनचे टोक बहुधा फक्त दुमडलेले असते, चिकटवलेले नसते. त्यामुळे असे आवरण बाष्प अडवत नाही, फक्त त्याचा वेग मंदावते. योग्य आर्द्रतेच्या पेटीत ते ठेवले तरी सिगार बिघडत नाही. पेटी वारंवार उघडली जात असेल तर या मंदपणाचा उलट फायदाच होतो. वर्षानुवर्षे ठेवलेल्या सिगाराचे सेलोफेन आतून पिवळट, पुढे तांबूस होत जाते. तंबाखूतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचा तो डाग असून त्यावरून मुरण्याचा अदमास घेतला जातो, पण नेमके वय ठरवता येत नाही. ज्यांना अनेक सिगार एकत्र ठेवून त्यांचा गंध एकमेकांत मिसळू द्यायचा आहे ते आवरण काढतात. मात्र उघडा सिगार हाताळताना वेष्टन-पानाच्या कडा झिजतात, आणि सुकलेले पान बोटाच्या हलक्या दाबानेही शिरेच्या बाजूने तडकते. वरून सुगंध दिलेले सिगार आवरणासह आणि वेगळ्या डब्यातच ठेवावेत. काही सिगार ज्या धातूच्या नळ्यांत मिळतात त्यांची झाकणे सारखी घट्ट नसतात. पेटीत ठेवताना ती सैल करणे पुरते.

लाकडी पेटीच्या उगमाचे श्रेय बहुधा हवानास्थित जर्मन बँकर हेरमान उपमान यांना दिले जाते. त्यासाठी सांगितले जाणारे १८३० हे साल मात्र जपून घ्यावे, कारण त्यांच्या नावाचा सिगार-छाप १८४४ चा मानला जातो. पेटी सर्वत्र रूढ होण्यामागे १८६० च्या दशकातील अमेरिकी करकायदा अधिक कारणीभूत असावा. करमुद्रा लावण्यासाठी ठरावीक संख्येची बंद पेटी आवश्यक झाली. या पेट्यांच्या ‘स्पॅनिश सीडर’ लाकडाला मराठीत देवदार म्हणणे चूक आहे. देवदार पाइन कुलातील खरा सीडर होय, तर हे लाकूड सेड्रेला ओडोराटा या निंब कुलातील वृक्षाचे, म्हणजे महोगनीच्या नात्यातले असते. ते बाष्प शोषून हळूहळू परत देते, म्हणून कारखान्याची पेटी न फोडता मोठ्या हवाबंद डब्यात ठेवणे हा उत्तम उपाय ठरतो. नवी कोरडी पेटी मात्र सिगारांतीलच ओल खेचते. आधी काही दिवस ऊर्ध्वपातित पाण्याची वाटी आत ठेवून तिला मुरवावे लागते.

तापमान २४ अंशांच्या वर राहिल्यास तंबाखूवरील भुंग्याची (लॅसिओडर्मा सेरिकॉर्न) अंडी फुटण्याचा धोका वाढतो. सेलोफेन या किड्याला अडवू शकत नाही. टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे दिसताच सिगार पिशवीत बंद करून किमान तीन दिवस उणे १८ अंशांखाली गोठवावेत, आणि नंतर एक दिवस शीतकपाटात ठेवून सावकाश सामान्य तापमानाला आणावेत. एरवी शीतकपाट साठवणीला अयोग्य आहे, कारण तेथील हवा कोरडी असते. पानावरील पांढऱ्या थराला काही जण तंबाखूतील तेलांचा मोहोर मानतात. परंतु तो बहुधा बुरशीच असल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. तो केसाळ किंवा निळसर असेल तर शंकेला जागा उरत नाही.

आर्द्रतामापक तपासण्यासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल एवढेच पाणी घालतात आणि मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवतात. आतील हवा सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक नोंदीत ५ मिळवावेत.