कराटेचा बेल्ट बांधणे

कराटेच्या गणवेशावर कमरेभोवती पट्ट्याचे दोन वेढे घेऊन समोर सपाट गाठ मारण्याची पद्धत. जपानीत या पट्ट्याला ओबी म्हणतात. महाराष्ट्रातल्या क्लासमध्ये सर्रास ‘बेल्ट’ हाच शब्द चालतो, म्हणून या नोंदीतही तोच वापरला आहे. बेल्ट सुती असतो, साधारण ४ सेंमी रुंद. कापडाचे अनेक थर एकत्र करून त्यावर लांबीच्या दिशेने शिलाईच्या समांतर ओळी घातलेल्या असतात. त्याला बक्कल नाही, हूक नाही, वेल्क्रो नाही. तासभर लाथा, ठोसे आणि वळणे सोसून तो जागेवर राहतो तो केवळ गाठीमुळे. म्हणूनच ही गाठ नीट समजून घ्यायला हवी.

बेल्ट बांधण्याआधी जाकीट सारखे करावे लागते. डावी बाजू नेहमी उजव्या बाजूच्या वर येते. जपानमध्ये किमोनोलाही हाच नियम आहे. तिथे उजवी बाजू वर घेऊन वस्त्र नेसवतात ते फक्त मृत व्यक्तीला, त्यामुळे ही चूक जपानी शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. जाकिटाच्या कडेच्या नाड्या बांधून झाल्यावर बेल्ट हाती घ्यावा. तो पँटच्या पट्ट्याइतका वर बांधायचा नसतो. कमरेच्या हाडांवर टेकेल आणि गाठ बेंबीच्या थोडी खाली येईल, अशी त्याची जागा. ओटीपोटातल्या या भागाला जपानी युद्धकलांत तांदेन म्हणतात. श्वास आणि हालचाल यांचे केंद्र तिथे आहे असे मानले जाते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी ही जागा सोयीची आहे. पोटावर उंच बांधलेला बेल्ट खोल श्वास घेताना आवळतो आणि वाकताना वर सरकतो.

बेल्ट दुमडून त्याचा मध्य शोधावा आणि तो बेंबीखाली धरावा. दोन्ही टोके मागे न्यावीत, पाठीशी एकमेकांवरून ओलांडून हात बदलावेत आणि पुढे आणावीत. मागे पीळ पडलेला नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. पुढे आल्यावर टोके ताणून दोन्हींची लांबी सारखी आहे का ते बघावे, कारण गाठ पडल्यावर ती दुरुस्त करणे जिकिरीचे होते. आता डाव्या हातातले टोक उजव्या टोकावरून घ्यावे आणि खालच्या कडेने आत सारून वरच्या कडेने बाहेर ओढावे. हे टोक पोटावरच्या दोन्ही थरांच्या मागून गेले पाहिजे. ते फक्त बाहेरच्या थरामागून गेले तर आतला थर मोकळा राहतो आणि वॉर्म-अप संपेपर्यंत खाली लोंबू लागतो. नवशिक्यांचे बेल्ट सुटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

अर्धी गाठ पडली. एक टोक वर आहे, एक खाली. दोन्ही ओढून ती घट्ट करावी. मग खालचे टोक आपल्या उजव्या हाताकडे आडवे वळवावे, म्हणजे ते मुळात ज्या बाजूने आले त्याच बाजूला परत जाईल. वरचे टोक त्याच्यावरून खाली आणावे, त्याच्या मागून वळवून तयार झालेल्या फटीतून बाहेर काढावे आणि डावीकडे ओढावे. दोन्ही टोके एकाच वेळी, आडवी, झटका देऊन ताणली की गाठ बसते.

यातले मर्म दोन गोष्टींत आहे. पहिल्या वेळी जे टोक वर होते तेच दुसऱ्या वेळीही वर असावे, आणि प्रत्येक टोकाने आपल्या मूळ बाजूला परतावे. असे झाले तर जी गाठ पडते तिला खलाशी, स्काउट आणि गिर्यारोहक रीफ नॉट म्हणून ओळखतात. तिचे दोन फासे एकमेकांत सपाट अडकतात, ताण आला की एकमेकांना धरतात. पायजम्याच्या नाडीसारखी ती एका ओढीत सुटत नाही. दुसरी अर्धी गाठ उलट दिशेने मारायच्या ऐवजी पहिलीच्याच दिशेने मारली तर दिसायला जवळपास तशीच पण कच्ची गाठ तयार होते. ती ओळखायला आरसा लागत नाही. पक्क्या गाठीची टोके बेल्टला समांतर, दोन्ही बाजूंना निघतात आणि मग मांड्यांवर तिरकी पडतात. कच्च्या गाठीचे एक टोक वर आणि एक खाली उभे राहते. असे दिसले की ओढून ताणून काही साधत नाही. दुसरी अर्धी गाठ सोडून पुन्हा मारावी.

काही शिक्षकांना पाठीवरची फुली आवडत नाही. त्यांच्याकडे बेल्टचे एक टोक समोर धरून दुसऱ्या लांब टोकाने कमरेभोवती सलग दोन वेढे घेतात. मागे दोन थर एकावर एक बसून एकच सरळ पट्टी दिसते. समोरची गाठ दोन्ही पद्धतींत एकच. दुसऱ्या पद्धतीत टोकांची लांबी जुळवायला सुरुवातीला वेळ जातो, पण पाठ टेकून पडताना किंवा कोलांटी घेताना मणक्याखाली जाड फुली येत नाही. लहान मुलांना मात्र पहिलीच पद्धत आधी शिकवावी, कारण मध्य शोधला की लांबी आपोआप जुळते. काळ्या बेल्टच्या एका टोकावर बहुधा शैलीचे किंवा संस्थेचे नाव भरतकाम करून घेतात आणि दुसऱ्यावर धारकाचे. कोणते टोक कोणत्या बाजूला यावे याचे सगळीकडे एक बंधन नाही. आपल्या क्लासची रीत पाळावी.

बेल्ट कराटेत आला तो ज्युदोतून. कराटेचे मूळ असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटावर पूर्वी कराटेसाठी वेगळा गणवेशच नव्हता. ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान या ज्युदो शाळेची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिली दान, म्हणजे वरच्या पातळीची श्रेणी दिली. श्रेणीची ही कल्पना त्यांनी गो या पटावरच्या खेळातून घेतली होती. काळा पट्टा १८८० च्या दशकात ओळखीची खूण म्हणून आला, आणि आज दिसते तसे जाकीट व त्यावरचा जाड पट्टा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाला. ओकिनावाचे कराटे शिक्षक फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये कराटेचे प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोत आले, कानोंच्या कोदोकानमध्येही त्यांनी ते दाखवले. गणवेश आणि श्रेणी या दोन्ही गोष्टी त्यांनी ज्युदोकडून स्वीकारल्या, आणि १९२४ मध्ये कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशा रंगांची शिडी त्यानंतरची. ती पसरवण्यात १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणारे कावाइशी मिकिनोसुके यांचा मोठा वाटा आहे. रंगांचा क्रम आजही शैलीगणिक बदलतो. क्योकुशिनमध्ये पांढऱ्यानंतर नारिंगी, निळा आणि मग पिवळा येतो. आपल्याकडच्या अनेक शोतोकान क्लासमध्ये पांढऱ्यानंतर लगेच पिवळा.

पांढरा बेल्ट कधीच धुवायचा नसतो, वर्षानुवर्षांच्या घामाने आणि मातीने तो काळा होतो आणि तीच काळ्या बेल्टची उत्पत्ती, ही गोष्ट क्लासक्लासमध्ये सांगितली जाते. तिला इतिहासाचा आधार नाही. काळा रंग ठरवून आणला गेला. या समजुतीपायी मुले कुबट वासाचे बेल्ट वर्षभर वापरतात, हे आरोग्याच्या दृष्टीने अजिबात चांगले नाही. बेल्ट गार पाण्यात हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. रंगीत बेल्ट पांढऱ्या जाकिटासोबत भिजवू नये, रंग लागतो.

स्पर्धेत बेल्ट श्रेणी दाखवत नाही, बाजू दाखवतो. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा बेल्ट बांधतो, मग त्यांची श्रेणी कोणतीही असो. हा बेल्ट सुमारे ५ सेंमी रुंद असावा, गाठीच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी मोकळे टोक राहावे, पण ते मांडीच्या तीन चतुर्थांशापेक्षा खाली जाऊ नये, असे नियम सांगतात. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, सादर करताना बेल्ट ढिला होऊन कमरेवरून घसरू लागला तर तो दोष धरला जातो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचे सामने झाले तेव्हाही प्रत्येक खेळाडू मॅटवर उतरला तो याच दोन रंगांपैकी एक बांधून.

क्लास चालू असताना बेल्ट सुटला तर अनेक ठिकाणी शिक्षकांकडे पाठ करून, काही ठिकाणी गुडघ्यावर बसून तो पुन्हा बांधायची रीत आहे. मुलांचा बेल्ट पालकांनी दारात उभे राहून बांधून देऊ नये. सहा-सात वर्षांच्या मुलाला ही गाठ जमते, फक्त समोर उभे राहून दाखवले तर त्याला डावे-उजवे उलटे दिसते. त्याच्या मागे उभे राहून, आपले हात त्याच्या हातांवर ठेवून शिकवले तर ते लवकर शिकते.

नवा बेल्ट ताठ असतो आणि सुरुवातीला पक्की गाठही उसळून ढिली होते. तो अनेकदा गुंडाळून, मळून, उलटसुलट दुमडून मऊ करावा. सॅटिनचे आवरण असलेला काळा बेल्ट चमकतो खरा, पण कापड गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. सुती बेल्ट गाठ धरून ठेवतो, मात्र वापराने त्याच्या कडा झिजून आतले पांढरे सूत दिसू लागते. घामाने आवळलेली गाठ नखांनी उकलत बसू नये. एक टोक धरून ते गाठीवरून पलीकडच्या बाजूला, म्हणजे ते निघते त्याच्या उलट दिशेला, जोरात ओढावे. ते टोक सरळ होते, गाठ उलटून दुसऱ्या टोकाचा नुसता फासा उरतो आणि तो त्याच्यावरून सरकवून काढता येतो.