जागतिक वारसा आणि संरक्षित स्मारक: शिक्का कुणाचा, राखण कुणाची?

राजगडावरून गुंजवण्याच्या वाटेने उतरलो की पायथ्याला ताक प्यायला थांबायचं, हा आमचा कितीतरी वर्षांचा शिरस्ता. गेल्या खेपेला तिथल्या मावशींनी ग्लास हातात देता देता विचारलं, “दादा, गड युनेस्कोनं घेतला म्हणतात. मग आता आम्हाला इथं बसू देतील का?” त्याच सकाळी संजीवनी माचीची ढासळलेली तटबंदी बघून माझा भाचा म्हणाला होता, “मामा, आता युनेस्को हे सगळं नीट करून देईल ना?”

मावशींना भीती वाटत होती आणि भाच्याला आशा, पण दोघांची समजूत एकच होती: गड आता दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात गेला. ही समजूत पुण्यात मी सुशिक्षित घरांतही ऐकतो. ‘जागतिक वारसा स्थळ’ आणि ‘संरक्षित स्मारक’ हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांचे अर्थ वेगळे, त्यांची ताकद वेगळी, आणि त्यांच्यामागे उभी असलेली माणसंही वेगळी. हा फरक कळला नाही तर आपण चुकीच्या दारात जाऊन भांडत राहतो, आणि तोवर गडाचा बुरूज पडतो.

आधी जागतिक वारशाचं पाहू. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीच्या ४७व्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका यादीत गेली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. भारताचं हे ४४वं स्थळ. बारांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन आपल्या पुणे जिल्ह्यातले. सिंहगड या यादीत नाही, हे अजूनही अनेकांना सांगावं लागतं.

ही यादी ज्या करारावर उभी आहे तो युनेस्कोचा, १९७२चा. भारत त्यात १९७७ साली सामील झाला. करारानुसार स्थळ सुचवायचं ते त्या त्या देशाच्या सरकारनेच. युनेस्को आपण होऊन कुठलाही गड उचलत नाही, आणि एखाद्या संस्थेला किंवा राज्याला परस्पर अर्जही करता येत नाही. सध्याच्या नियमाप्रमाणे एका देशाला वर्षाला एकच प्रस्ताव पाठवता येतो. म्हणजे त्या वर्षी देशातल्या सगळ्या मंदिरांतून, लेण्यांतून, जंगलांतून आणि किल्ल्यांतून कशाला पुढे करायचं, हा निर्णय दिल्लीत होतो. पुढे जागतिक वारसा समितीत २१ देशांचे प्रतिनिधी बसतात आणि ठरवतात. २०२४ साली या समितीची बैठक पहिल्यांदाच भारतात, नवी दिल्लीत भरली. पंतप्रधानांनी तिथे युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्रासाठी दहा लाख डॉलरची मदत जाहीर केली. या व्यासपीठावर देश कसा वावरतो हा परराष्ट्र धोरणाचाच भाग आहे, हे त्यातून दिसतं.

पण यादीत नाव गेल्यावर समिती गडावर चौकीदार नेमत नाही. गवंडी पाठवत नाही. जागतिक वारसा निधी आहे, पण तो जगभरच्या सगळ्या स्थळांच्या मानाने तुटपुंजा. मालकी, कायदा, खर्च, सगळं देशाचंच राहतं. मग मिळतं काय? एक वचन नोंदलं जातं. ‘आम्ही हे राखू’ असं एका देशाने बाकीच्या देशांना दिलेलं वचन. ते मोडायला लागलं तर समिती विचारणा करते, स्थळ ‘धोक्यातील’ यादीत टाकते, आणि अगदीच झालं तर यादीतून काढते. आजवर तीन स्थळं पूर्णपणे काढली गेली. २००७ साली ओमानचं अरबी ऑरिक्स हरणांचं अभयारण्य, कारण सरकारने ते नव्वद टक्के कमी केलं. २००९ साली जर्मनीतलं ड्रेस्डेन, तिथे नदीच्या खोऱ्यात पूल बांधला म्हणून. २०२१ साली लिव्हरपूल, बंदराकाठच्या नव्या बांधकामांमुळे. आपल्याकडे हंपी १९९९ ते २००६ धोक्याच्या यादीत होतं, तेही पुलांमुळेच. तुंगभद्रेपलीकडच्या माणसांना पूल हवा होता, हे विसरून चालत नाही. वारसा जपताना कुणाचा तरी रोजचा रस्ता अडतो.

आता दुसरा शब्द, संरक्षित स्मारक. हा आपल्याच घरचा कायदा. लोहगडावर किंवा शनिवारवाड्यात शिरताना निळा फलक दिसतो. बहुतेक लोक त्यापुढे उभं राहून फोटो काढतात, वाचत नाहीत. त्यावर लिहिलेलं असतं की हे स्मारक १९५८च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचं आहे आणि ते बिघडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दगडावर नाव कोरणाऱ्या पोराला पोलिसांत द्यायचं बळ इथून येतं, पॅरिसमधून नाही. देशात अशी साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. पुण्यातलं पाताळेश्वर, आगाखान पॅलेस, कार्ल्याची आणि भाज्याची लेणी ही सगळी त्यातलीच, आणि त्यांपैकी एकही जागतिक वारसा यादीत नाही.

इथे आणखी एक मेख आहे, आणि ती आमच्या अंगावर आली म्हणून नीट सांगतो. बारा किल्ल्यांपैकी आठ केंद्राचे. साल्हेर, खांदेरी, राजगड आणि प्रतापगड हे चार राज्य सरकारच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. त्यांना लागू आहे महाराष्ट्राचा १९६०चा कायदा. आमच्या रविवारच्या गटाने राजगडावरच्या पद्मावती तळ्याकाठी साफसफाईसाठी परवानगी मागितली तेव्हा पत्र पाठवलं केंद्राच्या एका कार्यालयाला. कित्येक महिन्यांनी तिथून कळलं, ‘हा किल्ला आमच्याकडे नाही.’ तोवर एक पावसाळा निघून गेला होता. एकाच जिल्ह्यातले तीन जागतिक वारसा किल्ले, पण लोहगड-शिवनेरीला दार एक आणि राजगडाला दार दुसरं. हे आम्हाला आधी ठाऊक असायला हवं होतं.

घरचा कायदा किती खोल रुततो ते शनिवारवाड्याभोवती पाहा. २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. कसब्यातले, शनिवारातले जुने वाडे या वर्तुळात येतात. भिंती फुगलेल्या, जिन्याच्या पायऱ्या हललेल्या, तरी पाडून नवं बांधता येत नाही; दुरुस्तीलाही परवानगीचे कागद. माझी एक मावसबहीण अशाच वाड्यात राहते. पावसाळ्यात तिच्या माडीवर जाताना मी कठड्याला हात लावत नाही. शनिवारवाडा जपायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याची किंमत शेजारची दोनशे घरं देत असतील तर त्यांना सुरक्षित घर कसं मिळेल, याचं उत्तरही सरकारनेच द्यायला हवं. गंमत अशी की हीच मर्यादा सरकारला स्वतःच्या कामांसाठी जाचू लागली तेव्हा केंद्राच्या सार्वजनिक कामांना सूट देणारं विधेयक आलं. जानेवारी २०१८मध्ये ते लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं. महामार्गासाठी सूट मागता येते, पडक्या वाड्यासाठी नाही, हे मला पटत नाही.

शनिवारवाड्याच्याच तिकीट खिडकीवरचा दरफलकही एकदा थांबून वाचा. भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना ३००. पण सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना भारतीयांचाच दर. म्हणजे काठमांडूहून, कोलंबोहून किंवा बँकॉकहून आलेला पाहुणा २५ रुपयांत आत जातो. शेजाऱ्यांशी कसं वागायचं हे दिल्लीत ठरलं आणि ते बाजीराव रस्त्याच्या टोकाला एका पत्र्याच्या फलकावर उतरलं. दिल्लीतल्या निर्णयांचा साध्या प्रवाशावर काय परिणाम होतो असं कुणी विचारलं तर मी आधी हा फलक दाखवीन.

आता दोन्ही शिक्क्यांवर नेत्यांची इच्छा कशी चालते ते पाहू. जागतिक वारशाची कल्पनाच एका नेत्याच्या निर्णयातून पुढे आली. नासरच्या इजिप्तने आस्वानला नाईलवर प्रचंड धरण बांधायचं ठरवलं. नुबियातली प्राचीन मंदिरं पाण्याखाली जाणार होती. इजिप्त आणि सुदानने मदत मागितली, १९६०मध्ये युनेस्कोने जगाला हाक दिली, आणि अबू सिंबेलची मंदिरं कापून, दगड दगड उचलून सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा उभी केली. शीतयुद्ध ऐन भरात होतं, तरी परस्परांचं तोंड न पाहणाऱ्या देशांनी पैसा आणि माणसं दिली. त्याच अनुभवातून पुढे १९७२चा करार आकाराला आला.

अमेरिकेत हे दोन शिक्के शेजारी ठेवून पाहता येतात. यलोस्टोन उद्यानाजवळ सोन्याची खाण निघणार होती. १९९५ साली समितीने यलोस्टोन धोक्याच्या यादीत टाकलं. १९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी खाण कंपनीशी तडजोड जाहीर केली आणि खाण थांबली. बाहेरच्या शब्दाला वजन आलं, कारण ते वजन वापरायची घरच्या नेत्याची तयारी होती. आता घरचा शिक्का: युटा राज्यातलं बेअर्स इअर्स. ओबामांनी २०१६च्या अखेरीस साडेतेरा लाख एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. वर्षभराने ट्रम्प यांनी त्यातली सुमारे ८५ टक्के वगळली. २०२१मध्ये बायडन यांनी पुन्हा सगळी आत घेतली. डोंगर तिथेच होते, वर घिरट्या घालणारे गरुड तेच होते. बदलत होती ती फक्त सही. युनेस्कोचंही तेच. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१८च्या अखेरीस अमेरिका बाहेर पडली, बायडन यांच्या काळात २०२३मध्ये परतली, आणि जुलै २०२५मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा झाली.

सगळ्यात विदारक उदाहरण प्रीह विहेअरचं. कंबोडिया-थायलंड सीमेवरच्या कड्यावरचं हे शिवमंदिर. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ साली ते कंबोडियाला दिलं. २००८मध्ये कंबोडियाने ते जागतिक वारसा यादीत नेलं, आणि थायलंडच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्याला संमतिपत्र दिलं होतं. थायलंडमध्ये त्यावरून रण पेटलं, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने संसदेची मंजुरी लागत होती असं सांगितलं, मंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्यानंतर सीमेवर सैन्य आलं, २०११पर्यंत चकमकी होत राहिल्या, तोफगोळ्यांच्या खुणा मंदिराच्या दगडावर उठल्या. मानवजातीचा ठेवा म्हणून नोंदलेल्या मंदिराच्या आडोशाला सैनिक दबा धरून बसले होते. भाविक आणि प्रवासी कुठून जाणार?

आणि आपला सह्याद्री? पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ साली यादीत गेली. महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली, राधानगरी. ती आधीपासूनच राखीव जंगलं, अभयारण्यं किंवा राष्ट्रीय उद्यानं होती, त्यामुळे खरा प्रश्न भोवतालच्या डोंगरांचा. त्यासाठी माधव गाडगीळ समितीने २०११मध्ये अहवाल दिला, पाठोपाठ कस्तुरीरंगन समितीचा आला. मग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सहा मसुदे निघाले. त्यातला सहावा निघाला तो वायनाडमध्ये डोंगर कोसळून माणसं गाडली गेली त्याच आठवड्यात. केंद्रातलं सरकार बदललं, राज्यांतली बदलली, पण अंतिम सही करण्याचं धाडस या दहा वर्षांत कुणी केलं नाही. माळीणचा डोंगर ३० जुलै २०१४ला खाली आला तेव्हा आमच्या गटातली पोरं मदतीला गेली होती. म्हणून मसुदा या शब्दाने मला आता त्रास होतो.

मावशींना यातलं सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की गड कुणी घेतलेला नाही, तो राज्य सरकारकडे होता आणि आहे. गडावर आणि दरवाजापाशी काय चालेल ते पुरातत्त्व विभाग ठरवणार. यादीत नाव गेल्यामुळे सरकारला व्यवस्थापनाचा आराखडा पाळावा लागतो, आणि त्यात गावकऱ्यांचं म्हणणं घ्यावं अशी त्या कराराच्या नियमांचीच अपेक्षा आहे. तेव्हा ग्रामसभेत ठराव करून तो पुण्याच्या पुरातत्त्व कार्यालयाला आणि वनविभागाला, दोघांनाही द्या.

“पण मी बसते ती जागा कुणाची?” त्यांनी विचारलं.

ते सातबाऱ्यावर बघावं लागेल, असं मी म्हणालो. भाच्याने तिथेच मोबाईल काढला. मावशींनी हात पुसले, चुलीवरचं दूध एका बाजूला सरकवलं आणि गट नंबर आठवायला लागल्या.