हॉकिंग, स्टीफन : नियतकालिकांतील प्रतिमा

ब्रिटिश सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग (१९४२–२०१८) यांना मुख्यतः अमेरिकी नियतकालिकांनी १९८० च्या दशकात मिळवून दिलेली लोकप्रसिद्धी व त्यातून रूढ झालेली त्यांची प्रतिमा.

एएलएस या चेतापेशींच्या आजाराचे निदान झाले तेव्हा हॉकिंग २१ वर्षांचे होते. कृष्णविवरांतून प्रारण (किरणरूपी ऊर्जा) बाहेर पडते हे त्यांनी १९७४ मध्ये मांडले, त्याच वर्षी ते रॉयल सोसायटी या ब्रिटनमधील मानाच्या विज्ञानसंस्थेचे सदस्य झाले. शास्त्रज्ञांत त्यांचा दबदबा होता. बाहेर मात्र त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. जानेवारी १९८३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’ने त्यांच्यावर मोठा लेख छापला. तो वाचूनच बॅन्टम प्रकाशनाच्या संपादकाचे त्यांच्याकडे लक्ष गेले. विमानतळावरच्या दुकानांत खपेल असे पुस्तक हॉकिंगना हवेच होते. ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ १९८८ च्या एप्रिलमध्ये आले. त्याआधी फेब्रुवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाचा लेख आणि नंतर जूनमध्ये ‘न्यूजवीक’चे मुखपृष्ठ. पुस्तकाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

या लेखांचा साचा ठरलेला असे : खुर्चीला जखडलेला देह, विश्वात मुक्त संचार करणारी बुद्धी, आइन्स्टाइनचा वारस. गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर ३०० वर्षे झाली त्या दिवशी त्यांचा जन्म झाला, हा योगायोगही आवर्जून येई. (त्या दिवशी आणखी सुमारे दोन लाख मुले जन्मली असतील, असे हॉकिंग स्वतःच मिश्कीलपणे सांगत.) गणित छापणे अवघड, छायाचित्र सोपे, त्यामुळे वाचकापर्यंत कृष्णविवरांआधी चाकांची खुर्ची पोचली. १९८५ मधील श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेत वाचा गेल्यावर बोलण्यासाठी यंत्राचा कृत्रिम आवाज आला आणि दूरचित्रवाणीने ही प्रतिमा पक्की केली.

हॉकिंग यात निव्वळ बळी नव्हते. अपंगत्वाच्या कहाणीचा पुस्तकाला फायदा झाला, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले; त्यासाठीच पुस्तक घेणाऱ्यांची निराशा झाली असेल, असेही ते म्हणत, कारण आजाराचा उल्लेख त्यात जेमतेम आहे. सहकाऱ्यांचे मूल्यमापन अधिक संयत होते. ‘फिजिक्स वर्ल्ड’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाने १९९९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांचा कौल घेतला, तेव्हा सर्वकालीन श्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञांच्या पहिल्या दहांत ते नव्हते. मानवशास्त्रज्ञ एलेन मियाले यांनी २०१२ च्या ग्रंथात ‘एकाकी प्रतिभावंत’ या कल्पनेलाच हात घातला : आकृत्या काढणारे विद्यार्थी, परिचारिका, सचिव आणि यंत्रे मिळून हॉकिंग यांचे काम कसे चाले, याची तपशीलवार नोंद त्यात आहे.