कासदाहात ‘ई जीवनसत्त्व द्या, बरं होईल’ हे कितपत खरं?

गाय-म्हशीची कास कडक, पहिल्या धारेत गुठळ्या: हाच कासदाह, म्हणजे दगडी. आणि कुणीतरी सांगतं, ई जीवनसत्त्व-सेलेनियम द्या, दगडी उतरेल. हे अर्धंच खरं आहे. जंतू मारायला पांढऱ्या पेशी स्वतःच तिखट ऑक्सिजन-रेणू सोडतात. ई जीवनसत्त्व-सेलेनियमसारखे अँटिऑक्सिडंट त्या आगीपासून पेशींना सांभाळतात, जंतूंना मारत नाहीत. सूजही नुसती शत्रू नाही, तीच पेशींना कासेत आणते. खरी गडबड विण्याच्या सुमारास: खाणं कमी, दुधाची ओढ जास्त, मग अंगची चरबी वितळून मेदाम्लं (चरबीचे घटक) रक्तात येतात, प्रतिकार ढिला पडतो. या मेदाम्लांतल्या ओमेगा-६ पासून मुख्यतः सूज वाढवणारे, ओमेगा-३ पासून ती शमवणारे रेणू बनतात. म्हणून ई जीवनसत्त्व-सेलेनियमची पुरवणी मुख्यतः आटवणीच्या (विण्याआधी दूध बंद असतानाच्या) काळात, तीही मोजून. जादा सेलेनियम विषारी. सुजलेल्या सडाला मात्र डॉक्टरच हवा.