झाड पाडायच्या आधी फोन करा : लाकडाच्या फळ्या करून घेणाऱ्यांसाठी माहिती

आम्ही झाडं पाडतो आणि चेनसॉनं, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीनं, झाड पडलंय तिथंच फळ्या पाडून देतो. वळवाचे दोन पाऊस झाले की आमचा फोन थांबत नाही. ‘आंबा पडलाय’, ‘फणस घरावर कललाय’, ‘झाड तोडून ठेवलंय, फक्त फळ्या पाडून द्या’. पहिल्या दोन फोनला आम्ही लगेच निघतो. तिसऱ्याला आधी एकच विचारतो : तुकडे किती लांबीचे केलेत? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तीन-तीन फुटांचे’. मग आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

तीन फुटांचं कारण आम्हाला ठाऊक आहे. मजुरांना उचलायला सोपं जातं, ट्रॉलीत नीट बसतं आणि जळणवाला तसंच मागतो. जळण करायचं असेल तर काहीच हरकत नाही. पण करवीर तालुक्यातल्या एका घरी आजोबांनी लावलेला फणस होता, बुंध्याचा घेर सहा फुटांच्या वर. घरच्यांना त्याचा झोपाळा करायचा होता, म्हणजे साडेपाच फुटांची अखंड फळी हवी. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात तीन फुटी सात तुकडे रचलेले होते आणि महिनाभर ऊन खाऊन प्रत्येकाच्या तोंडाला गाभ्यापासून सालीपर्यंत चिरा पडल्या होत्या. चिरलेली टोकं काढून टाकल्यावर दोन-सव्वादोन फूट चांगलं लाकूड राहिलं. आत पिवळंधमक, एक डाग नाही. त्याचे पाट आणि चौरंग झाले, झोपाळा झाला नाही. त्या घरातल्या आजी ओंडक्यावरून हात फिरवत बसल्या होत्या. हे पत्रक तेव्हाच लिहायचं ठरवलं.

लाकडातलं पाणी सालीतून फार हळू जातं, कापलेल्या तोंडातून मात्र भराभर जातं. तोंड आधी वाळतं, आकसतं, आतला भाग ओलाच असतो, म्हणून चिरतं. जितके जास्त तुकडे तितकी जास्त तोंडं. सात तुकडे म्हणजे चौदा तोंडं, आणि प्रत्येकाचे पाच-सहा इंच वाया. म्हणून फळी सहा फुटी हवी असेल तर ओंडका सात फुटांचा ठेवा, दोन्हीकडं सहा-सहा इंच जास्तीचे. पाडल्याच दिवशी दोन्ही तोंडांना घरात उरलेला ऑइलपेंट जाड फासा, रंग कोणताही चालेल. ओंडका सावलीत, दोन दगडांवर उचलून ठेवा. आंब्याचं असेल तर अजिबात थांबू नका. पावसात पडून राहिलेला आंबा थोड्याच आठवड्यांत निळा-काळा पडतो आणि त्यात भुंगा शिरतो.

अजून एक गोष्ट मजूर हमखास जळणात घालतात : मोठ्या दोन फांद्या फुटतात ते बेचकं. कुऱ्हाडीनं फुटत नाही म्हणून सगळे वैतागतात. पण तिथलेच धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि फळी पाडल्यावर मोरपिसासारखी नक्षी उमटते. आमच्याकडच्या टेबलांसाठी लोक खास तोच भाग मागतात. तो तोडू नका, आम्हाला दाखवा.

‘वखारीत स्वस्तात होतं की’ असं बरेच जण म्हणतात. ओंडका सरळ असेल आणि ट्रक दारापर्यंत येत असेल तर वखारीतच न्या, आम्ही स्वतः तसं सांगतो. वखारीतल्या करवतीचा पट्टा बारीक असतो, आमच्या चेनच्या दर कापात साधारण ९ मिलिमीटर लाकूड जातं. दीड इंची फळ्या पाडताना चार कापांत जवळजवळ एक फळी भुशात जाते, हे लपवायचं कारण नाही. पण परसात, विहिरीच्या कडेला, उसाच्या फडापलीकडं बांधावर पडलेलं खोड क्रेनशिवाय हलत नाही. तिथं आम्ही मशीन खांद्यावर घेऊन जातो. खोडावर शिडी स्क्रूनं घट्ट बसवून तिच्या आधारानं पहिला काप घेतो, पुढचे काप त्या सपाट तोंडावरून. फांद्या तोडायच्या चेनचे दात ३० अंशांत घासलेले असतात, फळ्यांसाठी आम्ही वेगळी, १० अंशांत घासलेली चेन लावतो. उभ्या धाग्यातून जाताना इंजिन तापतं, म्हणून टाकी संपली की मशीन थंड होऊ देतो. ती वेळ फुकट गेली असं समजू नका.

दर घनफुटावर आहे. घेराचा चौथा हिस्सा इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, फुटांतल्या लांबीनं गुणा आणि १४४ नं भागा. घेर ७२ इंच, लांबी ८ फूट असेल तर १८ घनफूट. घरीच मोजून ठेवलंत तर फोनवरच अंदाज सांगता येतो.

खोडात खिळे, तारा, जनावर बांधायची कडी असेल तर आठवून सांगा. कापात निळसर-काळा डाग दिसला की आम्ही थांबतोच, आत लोखंड असतं. न सांगता लागलं तर चेनचे पैसे वेगळे घेतो.

परवानगीशिवाय उभ्या झाडाला हात लावत नाही, ओळख कुणाचीही असो. शहरात १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज धरली जातात. गावाकडं १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, साग ही सगळी त्याच्या यादीत आहेत. लाकूड हलवायचं असेल तर वाहतूक पासचं आधी विचारून घ्या. अर्ज कसा करायचा ते आम्ही सांगतो, त्याचे पैसे नाहीत.

फळ्या पाडल्यावर लगेच सुताराकडं नेऊ नका. छपराखाली, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा जागी रचा. दोन फळ्यांमध्ये दीड-दीड फुटावर एक इंची पट्ट्या घाला, सगळ्या खालपासून वरपर्यंत एका ओळीत. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष धरा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं काहीच वाळत नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलंत तर बुरशी धरणारच. आकसणं धरून आम्ही फळी पाव इंच जाडच पाडतो, ‘जाड झाली’ म्हणून रागावू नका. ज्यांच्याकडं जागा नाही त्यांच्या फळ्या आमच्या शेडमध्ये रचून ठेवतो, भाडं महिन्यावर.

झाड पाडायचं काम आमच्याकडंच दिलंत तर लांबी झाडावर चढल्यावरच ठरते, फांद्या दोरानं उतरतात आणि फणसाचा झोपाळा झोपाळाच होतो. कोल्हापूर शहरात बघायला येण्याचे पैसे घेत नाही.

भुसा तुमचाच. फक्त गोठ्यात अंथरू नका, त्यात चेनचं तेल असतं.