पार्श्वभूमी : खोक्यातून यंत्राच्या पोटात गेलेली रिकव्हरी डिस्क

संगणक सुरू होत नसेल तर बाहेरून डिस्क लावून तो सुरू करावा, हा उपाय वैयक्तिक संगणकाइतकाच जुना आहे. १९८१ च्या सुमाराच्या यंत्रांत हार्ड डिस्क नसे. प्रणाली, म्हणजे संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर (ऑपरेटिंग सिस्टिम), फ्लॉपीवरूनच चढवावी लागे आणि ती फ्लॉपी खराब झाली की तिची दुसरी प्रत घालावी, यापलीकडे दुरुस्ती नव्हती. १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेली यंत्रे आली, तरीही बायोस, म्हणजे यंत्र चालू होताच आधी जागा होणारा अंगभूत प्रोग्राम, आधी ए ड्राइव्ह (फ्लॉपी) तपासत असे आणि तिथे काही नसेल तरच सी ड्राइव्हकडे (हार्ड डिस्ककडे) वळत असे. या क्रमामुळे बिघडलेले यंत्र वाचवणे सोपे झाले, आणि याच क्रमामुळे १९८६ पासून बूट सेक्टरमध्ये (यंत्र सुरू होताना डिस्कचा जो पहिला भाग वाचला जातो त्यात) दडणारे व्हायरस फ्लॉपीमागून फ्लॉपी पसरलेही. व्हायरस झालेले यंत्र स्वतःच्याच हार्ड डिस्कवरून सुरू करून साफ करता येत नाही, त्यासाठी लेखनबंद केलेली स्वच्छ फ्लॉपी लागते, हे तेव्हाच्या जाणकारांनी अनुभवाने शिकलेले होते. पुढे जे बदल झाले ते तपासताना ही जुनी गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

विंडोज ९५ ने स्टार्टअप डिस्क बनवण्याची सोय कंट्रोल पॅनेलमध्येच दिली. मात्र त्या फ्लॉपीवर सीडी-रॉमचे ड्रायव्हर, म्हणजे सीडी वाचण्यासाठी लागणारे छोटे प्रोग्राम, नव्हते, आणि प्रणाली तर बहुतेकांकडे सीडीवरच होती. फ्लॉपीने यंत्र सुरू होई, पण समोर ठेवलेली सीडी वाचता येत नसे. विंडोज ९८ ने सर्वसाधारण ड्रायव्हर घालून हा दोष दूर केला. शिवाय दुरुस्तीची साधने उलगडण्यासाठी ती फ्लॉपी मेमरीत एक तात्पुरता ड्राइव्ह उभा करी आणि त्याला मधलेच एक अक्षर देई, त्यामुळे नेहमी डी असलेली सीडी ई होऊन बसे. जुन्या सूचनांनुसार डी टाइप करून सेटअप सापडत नाही म्हणून चकित होणारे त्या काळी कमी नव्हते.

याच सुमारास कार्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या विंडोज एनटीमध्ये इमर्जन्सी रिपेअर डिस्क नावाची वेगळी व्यवस्था होती, आणि तिच्याविषयीचे गैरसमज आजतागायत टिकून आहेत. त्या डिस्कवरून यंत्र सुरू (बूट) होत नसे. आधी सेटअपच्या फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या, मग आर दाबून दुरुस्ती निवडायची आणि त्यानंतर ही डिस्क मागितली जाई. तिच्यावर रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीची, प्रत असे, परंतु ती डिस्क बनवणारा आरडिस्क हा आदेश /एस या पर्यायाशिवाय चालवला तर वापरकर्त्यांची खाती आणि सुरक्षेची नोंद ताजी होत नसे. अशा डिस्कने यंत्र वाचवले की ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड प्रणाली बसवली त्या दिवशीचा होऊन बसे, आणि तो दिवस पुष्कळदा दोन-तीन वर्षांमागचा असे. विंडोज २००० च्या वेळी रजिस्ट्री फ्लॉपीत मावेनाशी झाली, म्हणून ती हार्ड डिस्कवरील रिपेअर फोल्डरमध्ये हलवण्यात आली. बचावाचे साहित्य ज्या डिस्कला वाचवायचे तिच्यावरच ठेवण्याची ही सुरुवात म्हणता येईल, पण तेव्हा त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

खरा वाद पेटला तो तयार संगणक विकणाऱ्या उत्पादकांच्या बाबतीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीडीवरून थेट बूट करण्याची पद्धत रुळली आणि उत्पादकांनी यंत्रासोबत स्वतःची रिकव्हरी सीडी देण्यास सुरुवात केली. प्रणालीच्या मूळ सीडीवरून एखादी फाइल काढून घेता येत असे, जुन्यावर नवे बसवून वापरकर्त्याच्या फाइली राखता येत असत. उत्पादकांच्या बऱ्याच सीड्यांना एकच काम ठाऊक होते: हार्ड डिस्क पुसणे आणि कारखान्यातील प्रतिमा, म्हणजे तिथे भरलेल्या सगळ्या साहित्याची हुबेहूब प्रत, पुन्हा तिच्यावर उतरवणे. एका फाइलच्या बिघाडासाठी सगळा डेटा घालवणाऱ्या या साधनाला ‘रिकव्हरी’ म्हणत, यात ग्राहकाची दिशाभूल नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

२००० मध्ये विंडोज प्रणाली बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने मोठ्या उत्पादकांना खोक्यातून संपूर्ण सीडी देण्यास मनाई केली. पर्याय दोनच उरले. एक तर त्या उत्पादकाच्या बायोसवरच चालेल अशी सीडी द्यायची, नाहीतर हार्ड डिस्कवरच, तिच्या एका लपवलेल्या विभागात (पार्टिशनमध्ये), प्रतिमा ठेवायची. यामागचे अधिकृत कारण बेकायदा नकला रोखण्याचे होते आणि ते अगदीच पोकळ नव्हते, कारण यंत्रासोबत आलेल्या सीड्या हातोहाती फिरत असत. पण प्रणालीची किंमत ग्राहकाने यंत्राच्या किमतीतच चुकती केलेली होती आणि तिची वापरण्याजोगी प्रत मात्र त्याच्या हाती राहिली नाही. पुढील काही वर्षांत दुसरा पर्यायच सर्रास झाला, कारण त्यात सीडी छापण्याचा खर्चही वाचत होता. या वाचलेल्या खर्चाचा उल्लेख उत्पादकांच्या माहितीपत्रकांत क्वचितच आढळतो.

लपवलेल्या पार्टिशनच्या या व्यवस्थेत तांत्रिक उणिवाही होत्या. हार्ड डिस्क यांत्रिकरीत्या निकामी झाली की रिकव्हरीही तिच्याबरोबर जाई, हे उघडच होते. कमी उघड असलेली गोष्ट अशी की, सुरू होताना दाबायची जी खास कळ असे, तिचे काम अनेक यंत्रांत मास्टर बूट रेकॉर्डमध्ये (हार्ड डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात) घातलेल्या उत्पादकाच्या छोट्या प्रोग्रामवर अवलंबून होते. एखाद्याने विंडोजच्या रिकव्हरी कन्सोल या दुरुस्ती साधनात तो भाग नव्याने लिहिणारा ‘फिक्सएमबीआर’ हा आदेश चालवला किंवा शेजारी लिनक्स बसवले, की तो प्रोग्राम पुसला जाई. पार्टिशन जागच्या जागी शाबूत, पण तिथवर पोहोचण्याची वाट बंद, अशी स्थिती होत असे. म्हणजे दुरुस्तीचा प्रमाणित आदेशच दुरुस्तीची दुसरी सोय मोडत होता. यावर उपाय म्हणून ग्राहकाने स्वतःच डिस्कचा संच लिहून घ्यावा असे सुचवले गेले. मात्र अनेक यंत्रांवर असा संच एकदाच बनवता येई, आणि बहुतेक ग्राहकांना त्याची आठवण यंत्र बंद पडल्यावरच होई.

या काळात बाहेरच्या डिस्कची परंपरा जिवंत ठेवली ती मुख्यतः लिनक्सच्या मंडळींनी. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी १.७२ मेगाबाइटपर्यंत ताणून तिच्यावर आख्खी प्रणाली बसवणारे प्रकल्प त्यांच्यात होते. २००० नंतर हार्ड डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालणाऱ्या प्रणाल्या आल्या आणि विंडोज सुरू होत नसलेल्या कितीतरी यंत्रांतील फाइली त्यांच्याच साहाय्याने बाहेर काढल्या गेल्या.

२००७ च्या विंडोज व्हिस्टापासून दुरुस्तीसाठी स्वतंत्र छोटी प्रणाली आली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती हार्ड डिस्कवर आपोआप बसू लागली आणि सिस्टिम रिपेअर डिस्क बनवण्याची सोयही मिळाली. ही डिस्क प्रणाली पुन्हा बसवत नाही, केवळ दुरुस्त करते, आणि ३२ बिट यंत्रावर बनवलेली डिस्क ६४ बिट प्रणालीला चालत नाही. २०११ मध्ये मॅकनेही खोक्यातील डिस्क काढून टाकली, परंतु लपवलेल्या पार्टिशनला जोड म्हणून नव्या यंत्रांत थेट इंटरनेटवरून रिकव्हरी चढवण्याची तरतूद केली. विंडोजमध्ये तशी क्लाउडवरून डाउनलोड करण्याची सोय २०२० मध्ये आली, आणि तीही यंत्र निदान दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोहोचत असेल तरच उपयोगी पडते.

२००० मधील बेकायदा नकला रोखण्याचा युक्तिवाद खऱ्या अर्थाने निकालात निघाला तो २०१२ नंतर. विंडोज ८ पासून परवान्याची की (सांकेतिक क्रमांक) यंत्राच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्याच्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्येच, साठवली जाऊ लागली, त्यामुळे डिस्क कोणाच्या हातात आहे या प्रश्नाला महत्त्व उरले नाही. रिकव्हरी ड्राइव्ह पेन ड्राइव्हवर उतरवून लपवलेले पार्टिशन पुसून टाकण्याचा पर्याय खुद्द प्रणालीतच दिसू लागला, आणि २०१५ च्या विंडोज १० पासून संपूर्ण इन्स्टॉलेशन माध्यम कोणालाही मोफत डाउनलोड करता येऊ लागले. सुमारे पंधरा वर्षे ग्राहकाला नाकारलेली वस्तू अशी परत मिळाली. खोक्यात ठेवण्याची पद्धत मात्र परतली नाही.

यंत्राच्या आत ठेवलेल्या दुरुस्ती प्रणालीच्या मर्यादा त्यानंतर वारंवार दिसल्या. जानेवारी २०२४ मध्ये तिच्यासाठी आलेले सुरक्षा अपडेट असंख्य यंत्रांवर बसेना, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० मेगाबाइट मोकळी जागा हवी होती आणि पूर्वी पार्टिशन आखताना तिचा विचारच झालेला नव्हता. त्याच वर्षी १९ जुलैला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. उपाय एक फाइल काढून टाकण्याइतका साधा होता, पण तो बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊनच करावा लागला, आणि डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केलेली असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधणे आले. काही दिवसांतच त्यासाठी अधिकृत साधन देण्यात आले, ते पेन ड्राइव्हवरून बूट होणारे होते.

बाहेरची डिस्कही आता पूर्वीसारखी एकदा बनवून कपाटात ठेवण्याची वस्तू राहिलेली नाही. सिक्युअर बूटला, म्हणजे फक्त प्रमाणित सॉफ्टवेअरनेच यंत्र सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेला, चकवणाऱ्या एका बूटकिटमुळे (यंत्र सुरू होतानाच शिरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरमुळे) २०२३ पासून जुने बूट मॅनेजर (प्रणाली चढवणारे प्रोग्राम) रद्द करण्याची प्रक्रिया सुरू झाली. ज्या यंत्रावर ही रद्दबातल यादी लागू होते, तिथे त्याआधी बनवलेले पेन ड्राइव्ह बूट होत नाहीत. २०११ मध्ये दिलेल्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदतही जून २०२६ पासून संपू लागते, म्हणजे माध्यम वेळोवेळी नव्याने बनवणे ओघाने आलेच. उलट बाजूचे उदाहरण ऑक्टोबर २०२५ चे आहे. त्या महिन्याच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या अंतर्गत दुरुस्ती प्रणालीत यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. दुरुस्तीचा पडदा उघडे, पण त्यावरील एकही पर्याय निवडता येत नसे. आठवड्याभरात सुधारित अपडेट आले, परंतु ज्यांची यंत्रे त्याआधीच सुरू होईनाशी झाली होती त्यांना सुचवलेल्या मार्गांपैकी एक होता, पूर्वी बनवून ठेवलेला रिकव्हरी ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करण्याचा.