चर्चच्या नावावरची जमीन: ऑस्ट्रेलियातला जुना हिशेब

२०२४ साली मेलबर्नमध्ये यूरूक न्याय आयोगासमोर, म्हणजे मूलनिवासींवर झालेल्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर, अँग्लिकन, कॅथलिक आणि युनायटिंग या तीन चर्चच्या ज्येष्ठ धर्मगुरूंची साक्ष झाली. मूलनिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडण्यात चर्चच्या संस्थांचाही हात होता, याबद्दल माफ्या पूर्वीच मागून झाल्या होत्या. या वेळी आयोगाने जमिनीचा विषय काढला. शहरातले मोक्याचे भूखंड चर्चला मिळाले कसे, ते विकून आलेला पैसा गेला कुठे, आणि ज्यांची ती भूमी होती त्यांच्या वाट्याला काय आलं?

या प्रश्नाचं मूळ जवळजवळ दोनशे वर्षं मागे जातं. १८२६ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये चर्च आणि शाळांसाठी एक महामंडळ स्थापन झालं. प्रत्येक परगण्यातल्या सरकारी जमिनीचा सातवा हिस्सा त्याला द्यायचा, अशी राजाची सनद होती. बाकीच्या पंथांनी ओरड केली, मोजणीचं काम रेंगाळलं, आणि १८३३ मध्ये महामंडळ गुंडाळलं गेलं. पुढे रिचर्ड बर्क या गव्हर्नरने १८३६ मध्ये चर्च कायदा आणला. मोठ्या पंथांना सरकारी मदत सारख्याच नियमाने मिळावी, ही त्यामागची कल्पना होती. त्या काळाच्या मानाने बर्क उदारच म्हणायचा. पण त्याच बर्कने आदल्या वर्षी, १८३५ मध्ये, एक जाहीरनामा काढला होता. जॉन बॅटमन नावाच्या माणसाने आजच्या मेलबर्न परिसरातल्या मूलनिवासींशी जमिनीचा करार केला होता. तो बर्कने रद्दबातल ठरवला, कारण सरकारच्या लेखी सगळी जमीन राजाची होती आणि मूलनिवासींना ती देण्याघेण्याचा अधिकारच नव्हता. एका वर्षी जमीन राजाची ठरली आणि दुसऱ्या वर्षी राजाचं सरकार चर्चला हात द्यायला उभं राहिलं. मेलबर्न तेव्हा न्यू साउथ वेल्समध्येच मोडत होतं. आयोगासमोरच्या प्रश्नाची मुळं या दोन कागदांत आहेत.

शहरातल्या भूखंडांची ही गोष्ट झाली. मिशनांची गोष्ट निराळी, आणि तिची सरमिसळ केली की वाद भरकटतो. बहुतेक मिशनं सरकारने राखून ठेवलेल्या जमिनीवर होती. कारभार चर्चचा, मालकी सरकारची. त्यामुळे सरकारच्या मनात आलं की ती जमीन काढून घेता येई. दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनजवळ १८५० मध्ये आर्चडीकन मॅथ्यू हेल यांनी पूनिंडी हे अँग्लिकन मिशन काढलं. मूलनिवासी कुटुंबांनी तिथे शेती उभी केली, मेंढ्या पाळल्या, त्यांचा क्रिकेट संघ ॲडलेडच्या सेंट पीटर्स कॉलेजशी खेळला. जमीन कसदार निघाली हेच त्यांना नडलं. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांचा तिच्यावर डोळा होता. १८९४ मध्ये मिशन बंद करून जमिनीचे तुकडे पाडले गेले, आणि कसणाऱ्यांना दुसऱ्या मिशनांवर पाठवलं गेलं.

काही ठिकाणी मात्र चर्चला पक्की मालकी हवी होती. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या बीगल बे इथे १८९० मध्ये ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाचे साधू आले. दहा हजार एकर मालकीने मिळणार होते, पण अट अशी की पाच हजार पौंडांच्या सुधारणा करून दाखवायच्या. १९०० मध्ये मिशन मोडकळीला आलेलं असताना पर्थचे बिशप गिब्नी आणि पुढे मूलनिवासींवरच्या लिखाणामुळे नावाजलेल्या डेझी बेट्स तिथे गेल्या आणि विहिरी, कुंपणं, इमारती सरकारी मोजणीला उतरतील अशा करण्याच्या खटपटीला लागल्या. न्युलन्युल हे मूलनिवासी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, पण ते राहणं कुणाच्या हिशेबात ‘सुधारणा’ म्हणून धरलं गेलं नाही.

मिशनांनी नुसतं घेतलंच, असं म्हणणंही खरं नाही. गोऱ्यांची वस्ती पुढे सरकत होती त्या सरहद्दीवर मूलनिवासींच्या कत्तली चालू असताना कित्येकांना मिशनच्या कुंपणाआतच जीव वाचवता आला. मध्य ऑस्ट्रेलियातल्या हर्मन्सबर्ग मिशनच्या लुथरन पाद्र्यांनी अरेंटे ही मूलनिवासी भाषा शिकून ती लिहून ठेवली. दुसरीकडे अनेक मिशनांवर मुलांना वेगळ्या वसतिगृहात कोंडलं गेलं, मातृभाषेला बंदी झाली, जुने विधी पाप ठरले. आज त्याच कुटुंबांतले कितीतरी लोक चर्चमध्ये जातात. म्हणून जमीन परत करण्याची भाषा तिथे भरपाईइतकीच जखम भरून येण्याची असते, आणि ती बाहेरून कुणी शिकवलेली नाही.

१९६३ हे वर्ष या इतिहासातला सांधा आहे. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या यिरकाला या मेथडिस्ट मिशनच्या नव्या चर्चसाठी तिथल्या योल्न्गू या मूलनिवासी लोकांच्या वडीलधाऱ्यांनी दोन उंच फळ्या रंगवल्या. त्यांच्यातली कुळं धुवा आणि यिरिचा अशा दोन गटांत विभागलेली, म्हणून एकेका गटाची एकेक फळी. कोणत्या कुळाचा कोणत्या भूमीशी संबंध, हे त्या चित्रांत होतं. या फळ्या चर्चच्या वेदीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. त्याच वर्षी सरकारने बॉक्साइटच्या (ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या) खाणीसाठी मूलनिवासींच्या राखीव क्षेत्राचा मोठा तुकडा तोडून दिला. मेथडिस्ट मिशनच्या वरिष्ठांनी योल्न्गूंना न विचारताच होकार भरला होता. तेव्हा योल्न्गूंनी आपल्या भाषेत आणि इंग्रजीत टंकलेला अर्ज झाडाच्या सालीवर चिकटवला, भोवती कुळांची नक्षी काढली आणि कॅनबेराच्या संसदेला पाठवला. मिशनचे प्रमुख एडगर वेल्स त्यांच्या बाजूने उभे राहिले. चर्चने त्यांनाच तिथून हलवलं. त्या रंगवलेल्या फळ्या पुढे, १९७४ मध्ये, चर्चमधून बाहेर टाकल्या गेल्या. १९७८ मध्ये त्या वाचवण्यात आल्या आणि आता यिरकालाच्या कलाकेंद्रात आहेत.

त्याच १९६३ च्या नोव्हेंबरात केप यॉर्कवरच्या मापून या प्रेस्बिटेरियन मिशनमधून पोलिसांनी लोकांना हलवलं आणि घरं जाळली. तिथेही बॉक्साइटच होतं. ग्रूट आयलंडवर चर्च मिशनरी सोसायटीने वेगळी वाट धरली. खनिजशोधाचे परवाने आधी स्वतःकडे घेऊन नंतर खाणकंपनीकडून मूलनिवासींसाठी रॉयल्टी मिळवली. म्हणजे १९६३ मध्येही वेगळं वागणं शक्य होतं. ‘काळच तसा होता’ हे उत्तर त्यामुळे मला पुरेसं वाटत नाही.

कायद्याची चाकं त्यानंतर फिरली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९६६ मध्ये मूलनिवासींच्या जमीन न्यासाचा (ट्रस्टचा) कायदा केला. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या कायद्याने राखीव क्षेत्रं मूलनिवासी न्यासांकडे गेली, त्यात जुन्या मिशनांखालची जमीनही आली. १८७७ मध्ये वसलेल्या हर्मन्सबर्गची जमीन १९८२ मध्ये पाच न्यासांच्या नावे झाली. १९९२ मध्ये माबो खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या ‘हाय कोर्टा’ने, दिलेल्या निकालाने ‘ही भूमी कुणाचीच नव्हती’ ही समजूत उडवून लावली. पण १९९८ च्या फेहो खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की जिथे पूर्ण मालकीहक्काने जमीन दिली गेली, तिथे मूलनिवासी हक्क कायमचा संपला. न्यू साउथ वेल्सचा १९८३ चा कायदाही वापरात नसलेल्या सरकारी जमिनीपुरताच. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या सातबाऱ्यावर चर्चचं नाव एकदा चढलं, तिथे मूलनिवासींना न्यायालयात जाऊन काही मिळत नाही. चर्चने आपणहून दिली तरच ती जमीन परत येते. चर्चला विचारलेला प्रश्न धर्माच्या अंगाने जड होतो तो इथे.

चर्चच्या आतून दबाव वाढत होताच. सिडनीच्या रेडफर्नमध्ये फादर टेड केनेडी यांच्या काळात चर्चच्या मालकीची जागा मूलनिवासींच्या वैद्यकीय सेवेला मिळाली. १९८६ मध्ये ॲलिस स्प्रिंग्समध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जमीनहक्कांची उघड बाजू घेतली. युनायटिंग चर्चमध्ये १९८५ मध्ये मूलनिवासींची स्वतंत्र काँग्रेस उभी राहिली, १९९४ मध्ये तिच्याशी करार झाला, आणि २००९ मध्ये चर्चच्या घटनेची प्रस्तावनाच बदलून त्यात भूमी बळकावली गेल्याची कबुली घातली गेली. २०२३ मध्ये व्हॅटिकनने ‘शोध लावणाऱ्याची भूमी’ हा, म्हणजे ख्रिस्ती राजांनी शोधलेली भूमी त्यांचीच असं मानणारा, सिद्धान्त नाकारला. त्यामागच्या पोपच्या फर्मानांपैकी १४५५ चं पोर्तुगालच्या राजासाठी होतं. गोव्यात १५४१ मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं गेलं, ते त्याच राजसत्तेच्या आश्रयाने. ब्रिटिशांनी मात्र ऑस्ट्रेलियात पोपचा आधार घेतला नव्हता, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

आता खरी अडचण उरते ती जमीन द्यायची कुणाला, ही. केर्न्सजवळच्या याराबा इथे १८९२ मध्ये अँग्लिकन मिशन निघालं. भूमी गुंगान्जी लोकांची, पण सरकारने क्वीन्सलँडभरातून माणसं तिथे आणून टाकली. त्यांची नातवंडं याराबालाच आपलं गाव मानतात. २०११ मध्ये न्यायालयाने गुंगान्जींचा हक्क मान्य केला, आणि त्याच्याच जोडीने गावातल्या बाकीच्यांच्या घरादाराबद्दल वेगळे करार करावे लागले. चर्चने एखादा भूखंड परत द्यायचं ठरवलं, तर त्यालाही आधी हे बोलणं उरकावं लागेल. आणि गळक्या छपराची जुनी इमारत त्या भूखंडावर असेल, तर ती दुरुस्त करून द्यायची की तशीच, हेही.